दादाचा डबा आणि चंद्रीचा पान्हा

दादाच्या त्या काळ्या डब्यातून आमच्या घरात पहिला आवाज निघाला तो अप्पांच्या खोकल्याचा. अप्पा पुढं दुकानात गिऱ्हाइकाला साखर बांधून देत होते आणि माजघरात तेच अप्पा खोकत होते. आधी नेहमीसारखे, मग मांजराच्या पिल्लाएवढे बारीक, मग असे जाड की भिंतीवरचा आरसा हलावा. दादा डब्यावरच्या रबरी चौकोनांवर बोटं मारत होता आणि प्रत्येक चौकोनात एकेक अप्पा बसले होते. मी आणि माय भिंतीला टेकून, तोंडात पदर-ओढणी कोंबून हसत होतो. अप्पा कागदाचा पुडा हातात घेऊनच आत आले. "कोण खोकतंय बे?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, "तुमीच, अप्पा." "मी तर हितं उभा हाय." दादानं पुन्हा एक चौकोन दाबला. अप्पांनी मान वाकडी करून, डोळे मिटून स्वतःचा खोकला नीट ऐकून घेतला, पुन्हा वाजवायला लावला आणि म्हणाले, "हा मागल्या आठवड्याचा हाय. आता कफ सुटलाय." आणि साखर द्यायला निघून गेले.

त्याला सॅम्पलर म्हणतात असं दादानं दहादा सांगितलं, पण आमच्या घरात तो डबाच राहिला. दादा लातूरच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. त्या साली पाऊस नाही म्हटल्यावर लग्नं देवळात, चहावर उरकायला लागली, ऑर्केस्ट्राला कोण बोलावतो? मंडळी आपापल्या गावाला पांगली आणि दादा हा डबा, एक कीबोर्ड, दोन स्पीकर आणि फ्लॉप्यांचं पुडकं घेऊन चौसाळ्याच्या फाट्यावर एसटीतून उतरला. डबा पुण्याच्या कुणा वादकानं वापरलेला होता, कोपरे घासलेले. पण त्याची गंमत अशी की त्याच्या पोटात स्वतःचा म्हणून एकही आवाज नव्हता. तुम्ही घालाल तो त्याचा. ढोलकी घाला, ढोलकी. अप्पा घाला, अप्पा. मी तेव्हा विसाव्या वर्षात, बहिःस्थ बी.ए.ला बसलेली, दुपारी शिवणक्लास, बाकी वेळ घरात. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. असल्या मुलीच्या हातात असलं यंत्र पडल्यावर जे व्हायचं ते झालं. मी चार दिवसांत दादापेक्षा सराईत झाले, आणि हे दादाही कबूल करायचा, फक्त लोकांसमोर नाही.

डब्याला वीज लागायची, म्हणून तो घराबाहेर न्यायची सोय नव्हती. बाहेरचे आवाज आम्ही आधी टेपरेकॉर्डरवर धरायचो आणि मग घरी वायर लावून डब्यात ओतायचो. टेपचे सेल संपले की पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे, दोन-चार गाणी आणखी चालायचे. मी टेप ओढणीखाली धरून गावभर हिंडायचे. गिरणीच्या इंजिनाचं फुकफुक. अप्पांच्या तराजूचं पारडं खाली आपटतं तो खणका. कोरड्या हापशाचा आवाज तर काय सांगू, दांडा वर जाताना तो चिरकायचा आणि खाली येताना पोटातून आवंढा गिळायचा. पाणी नव्हतं पण ठेका होता. आणि मायची भाकरी. काटवटीत भाकरी थापताना ती लहान असते तेव्हा एक आवाज येतो आणि मोठी होत गेली की दुसरा, पसरट. दादानं लहान भाकरीची थाप एका चौकोनात, मोठ्या भाकरीची दुसऱ्यात घातली, मध्ये हापसा टाकला आणि असा काही ठेका धरला की माय पीठभरल्या हातानं उठून दोन गिरक्या घेऊन आली. त्या दिवशीच्या भाकरी करपल्या. येसराच्या आमटीत चुरून आम्ही त्या खाल्ल्या आणि अप्पा म्हणाले, "थाप डब्यात गेली, मंग भाकरीत काय ऱ्हानार?"

खरं काम होतं कापण्याचं. डब्याची काच आगपेटीएवढी, तिच्यात नुसते आकडे. एक गोल मूठ फिरवायची, आवाजाची सुरुवात एकेक केस पुढं सरकवायची, चौकोन दाबून ऐकायचं, पुन्हा सरकवायची. दादाचा नियम एकच. "बोट पडलं की आवाज पडला पायजे. मदी श्वासाइतकी बी जागा न्हाई." शिवाय डब्याचं पोट लहान, काही सेकंदांतच भरायचं, म्हणून आवाजाच्या मागचं-पुढचं सगळं छाटून टाकायचं. एकदा छाटायचं बटण दाबलं की तो तुकडा गेला तो गेला. आणि हे सगळं करत असताना लाइट गेली तर डबा कोरा. म्हणून दर पाच मिनिटांनी मी ओरडायचे, "दादा, साठव," आणि फ्लॉपी डब्यात करकर दात खात बसायची. आज माझा नातू हेच सगळं मोबाइलवर करतो. त्याला आवाजाचे डोंगर पडद्यावर दिसतात आणि चुकलं तर परत आणायचं बटणही आहे. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे ते बटण नव्हतं. तो म्हणाला, मग आज्जी, तुम्ही काय करायचा? म्हणून तर हे लिहायला बसले.

मायकडे म्हैस होती, चंद्री. कपाळावर पांढरा चांद, स्वभावानं आमच्या आत्यासारखी, म्हणजे स्वतःच्या माणसांपुरती गरीब. चंद्रीच्या दुधावर माय गावच्या महिला दूध संस्थेची सभासद होती, आणि नुसती सभासद नाही, संचालक. महिन्याला बीडला बैठक असायची. त्या दिवशी माय चॉकलेटी साडी नेसून, डोक्याला जास्तीचं तेल लावून सकाळच्या एसटीनं जायची आणि संध्याकाळी परत येऊन आम्हाला साहेब काय म्हणाले आणि त्यावर ती काय म्हणाली ते दोनदा सांगायची. गावात ती दुकानदाराची बायको होती. संस्थेत तिला सुमनबाई म्हणायचे. पण संस्थेचा कायदा सरळ होता: जिचं दूध तिची खुर्ची. दूध थांबलं की नाव कमी. त्या साली अशी कितीक नावं कमी झाली होती, आणि माय रोज चंद्रीच्या पुढ्यात कडब्याची पेंढी टाकताना तिला हात जोडायची. मला वाटायचं ती थट्टा करते. ती थट्टा करत नव्हती.

चंद्रीला रेडकू झालं. कारखान्याचा भोंगा त्या साली वाजलाच नाही, ऊसच नव्हता, आणि हे रेडकू मात्र पहाटेपासून असं हंबरायचं की दादानं त्याचं नाव भोंगा ठेवलं. अर्थातच आम्ही त्याचा आवाज धरला. मी टेप घेऊन गोठ्यात बसले, घरी आणून तो आवाज डब्यात ओतला, दादाच्या नियमाप्रमाणे कापला, आणि कीबोर्डला जोडून आम्ही लग्नातली सगळी गाणी भोंग्याच्या आवाजात वाजवली. मंगलाष्टकं भोंग्याच्या आवाजात. वरातीची गाणी भोंग्याच्या आवाजात. संस्थेतल्या बाया दूध घालून परत जाताना खास आमच्या दारात थांबायच्या आणि फर्माईश करायच्या. कौसाबाई, आमची शेजारीण, एकदा हसता हसता रिकाम्या कॅनवर बसली आणि कॅनसकट कलंडली. काळा चहा पिऊन दिवस काढायचे दिवस होते, टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे, पण आमच्या घरात त्या दोन-तीन आठवड्यांत जेवढं हसणं झालं तेवढं पुढं सुगीतही झालं नाही.

मग एका सकाळी भोंगा उठला नाही. हगवण लागली होती. दादानं आणि मी त्याला ओढ्याकडं नेऊन पुरलं. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहवत नाही.

चंद्रीनं त्याच संध्याकाळी दूध चोरलं. कास भरलेली, पण पान्हा सोडेना. माय बसली की मागचा पाय उचलायची. लोक उपाय सांगायला लागले. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात कडबा भरून ते पुढ्यात उभं करतात, म्हैस त्याला चाटते आणि पान्हावते. पण आम्ही लिंगायत, दारात कातडं आलेलं मायला चालणार नव्हतं, आणि तसंही भोंगा मातीत गेलेला. सरकी पेंड घालावी तर ती कुठं मिळत होती? तिसऱ्या दिवशी अप्पा जेवता जेवता शांतपणे म्हणाले, "भाकड जनावराला कडबा कुठनं घालू? इतवारच्या बाजारात नेतो." अप्पा वाईट नव्हते. कडबा खरंच नव्हता. मायनं ताटातली भाकरी तशीच झाकून ठेवली, आणि त्या रात्रीच चॉकलेटी साडी घडी करून ट्रंकेच्या तळाशी घातलेली मी पाहिली. म्हैस गेली की मायची खुर्ची गेली, आणि त्या खुर्चीवर बसलेली माय मला घरातल्या मायपेक्षा थोडी जास्तच आवडायची.

सकाळी मी दादाला म्हटलं, "भोंगा फ्लॉपीत हाय की." दादानं माझ्याकडं पाहिलं आणि दोघंही एकदमच उठलो. पण दादा शेवटी ऑर्केस्ट्रातला माणूस. त्याला हळू काही करताच येत नव्हतं. त्यानं मोठा स्पीकर गोठ्याच्या पत्र्यावर चढवला, आवाजाला थोडं घुमणं लावलं आणि माय वेळेआधीच चरवी घेऊन बसताच चौकोन दाबला. भोंगा अख्ख्या गल्लीवर हंबरला. चंद्री दावं तोडायला आली, मायची चरवी एकीकडं आणि माय दुसरीकडं. आणि भोंग्याला उत्तर म्हणून गल्लीतली सगळी रेडकं-वासरं एकदम ओरडायला लागली. आपापल्या पिल्लांच्या हाका ऐकून सगळ्यांच्या म्हशी पान्हावल्या, आणि धारेची वेळ अजून झालेली नाही, जवळ कुणाच्या भांडं नाही. कौसाबाईची म्हैस उभ्या उभ्या दूध गाळायला लागली. "अगं पातेलं आना गं," ती ओरडत पळाली, पातेलं सापडेना म्हणून न्याहारीला सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, केलेली परात तशीच भरलेली घेऊन आली. पलीकडचा म्हातारा काठी घेऊन पत्र्यावर चढायला निघाला. "कुणाचं हाय बे हे सोंग? बंद कर." सगळ्या गल्लीला दूध आलं, फक्त आमच्या म्हशीला नाही. मायनं उठून साडी झटकली. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

दादा म्हणाला आवाज आणखी मोठा करू. मी म्हटलं, तू जरा गप बस. मी डबा घरात आणला, कानाला लहान स्पीकर लावला आणि भोंगा एकटाच ऐकत बसले. चौकोन दाबला की हंबरडा. दाबला की हंबरडा. काहीतरी टोचत होतं. खरा भोंगा असा कधी ओरडायचाच नाही. तो आधी नाकातून दोनदा फुसफुसायचा, ओठ चपकन वाजवायचा, मग घशात बारीकसं हं करायचा, आणि त्यानंतर तोंड उघडायचा. पहाटे अंथरुणात मी ते रोज ऐकलं होतं. ते फुसफुसणं आम्ही छाटून टाकलं होतं. ढोलकीची थाप कापावी तसं रेडकू कापलं होतं, बोट पडलं की आवाज. आणि रेडकू असं एकदम कधी ओरडतं? कुणी फटका मारला तर. दादा जितक्यांदा चौकोन दाबत होता तितक्यांदा चंद्रीला वाटत होतं, माझ्या लेकराला कुणीतरी मारतंय. हे कळल्यावर मी आधी रडले आणि मग धावत जाऊन दादाच्या पाठीत गुद्दा घातला, कारण नियम त्याचा होता.

छाटलेलं परत येणार नव्हतं. राहता राहिली मूळ कॅसेट. ती आम्ही पत्र्याच्या डब्यातून शोधून काढली तर तिच्यावर संस्थेच्या बायांनी साहेबांच्या स्वागताचं गीत धरलेलं. शनिवारची दुपार, दुसऱ्या दिवशी बाजार, लाइट नाही म्हणून टेपमध्ये पत्र्यावर तापवलेले सेल घातलेले. आम्ही जिन्यात बसून ते स्वागतगीत ऐकलं. सुस्वागतम् संपता संपेना. प्रत्येक कडव्याला मी म्हणायचे आता संपलं, आणि माय पुढचं कडवं उचलायची. शेवटी कौसाबाईचा आवाज आला, "झालं का गं बंद?" खट्ट झालं. आणि मग, बायांच्या गाण्याखालून वाचलेलं, फुस, फुस, चप, हं. आणि भोंगा. दादानं माझं डोकं धरून दोन्ही हातांनी हलवलं. आम्ही दोघं जिन्यात नाचलो. अप्पा दुकानातून म्हणाले, "आता काय मिळालं रं?" दादा म्हणाला, "श्वास, अप्पा." अप्पा म्हणाले, "बरं."

लाइट आली तशी मी ती ओळ डब्यात घेतली आणि या वेळी पुढून काहीच कापलं नाही. शेपूट तेवढं छाटलं. साठवलं, फ्लॉपी काढून ओढणीच्या टोकाला बांधली. संध्याकाळी लहान स्पीकर भोंग्याच्या जुन्या पोत्यात गुंडाळून, तो बांधलेला असायचा त्याच खुंट्याशी ठेवला. खिडकीतून वायर आणली. मी गव्हाणीमागं पालथ्या पाटीवर डबा घेऊन बसले. दादाला मी मूठ फिरवायची मनाई केली. माय चरवी घेऊन बसली आणि म्हणाली, "ये गं माजी बाय." मी चौकोन दाबला, अगदी हळू आवाजात. फुस, फुस, चप, हं. चंद्रीचे कान फिरले. मी थांबले. एकसारखं वाजवायचं नव्हतं, रेडकाला ताल नसतो. मग पुन्हा. चंद्रीनं मान खाली घातली, पोतं हुंगलं, आणि तिची खरखरीत जीभ स्पीकरच्या जाळीवर अशी फिरायला लागली की भोंग्याच्या आवाजात खर्र खर्र मिसळायला लागलं. आणि मग रिकाम्या चरवीत पहिली धार पडली. तो आवाज धरायला टेप जवळ नव्हता, ही एकच हळहळ. मायनं माझ्याकडं पाहिलं नाही, नुसती धार काढत राहिली, पण तिचे खांदे हसत होते.

आणि लाइट गेली. डबा मुका. चंद्रीनं जीभ आत घेतली, मागचा पाय हलला. मायच्या तोंडून माझं नाव, नुसतं "नंदे" एवढंच निघालं. मी विचार केला असं म्हणणं खोटं होईल. दिवसभर कानाला लावून तो आवाज मी केसाकेसानं ऐकला होता, तो माझ्या घशात बसलाच होता. मी पोत्याशी तोंड नेलं आणि नाकातून दोनदा फुसफुसले, ओठ वाजवले, हं केलं, आणि भोंग्यासारखी हंबरले. चंद्रीनं माझा कान चाटला. मी पुन्हा हंबरले. धार सुरू झाली. दादा भिंतीवर डोकं आपटत, आवाज न करता हसत होता. अप्पा कंदील घेऊन दारात आले आणि काय चाललंय ते कळल्यावर, म्हैस बुजू नये म्हणून खोकला दाबत, गाल फुगवून, लालबुंद होऊन उभे राहिले. मग कंदील तिथंच ठेवून रस्त्यावर पळाले आणि पोटभर खोकून परत आले. म्हणाले, "बाजाराला जायचं तर लई लवकर उटावं लागतं. मला काय ते जमत न्हाई."

पुढं सगळा दुष्काळ हे असंच चाललं. लाइट असली की डबा, नसली की मी. एकदा मला बघायला पाहुणे आले असताना धारेची वेळ झाली, मी पोह्यांच्या बशा ठेवून उठले आणि पाच मिनिटांनी गोठ्यातून रेडकू ओरडलं. मुलगा म्हणाला, जनावर छान ठणठणीत आहे. लग्न झाल्यावर मी त्यांना खरं सांगितलं, तर ते अजूनही विश्वास ठेवत नाहीत.

पण त्या संध्याकाळी मायला घाई सुटली होती. निम्मी चरवी भरली होती, तेवढीच पदराखाली घेऊन ती संस्थेकडं निघाली आणि मला हात धरून बरोबर घेतलं. माझा कान अजून ओला होता. अंधारात बाया रांगेला उभ्या होत्या, पुढं टेबलावर एक कंदील. सचिव काशीबाई दूध मापून घेत होती. मायनं चरवी टेबलावर ठेवली तशी रांगेतली कुजबूज थांबली. मायचं नाव आता कमी होणार हे सगळ्यांना माहीत होतं. काशीबाईनं चरवीत वाकून पाहिलं, बोट बुडवून पाहिलं, कोमट होतं.

"सुमनबाई, तुमचं रेडकू तर मेलं व्हतं," ती म्हणाली. "मंग पान्हा कसा आला? दुसऱ्याचं लावलं व्हय?"

"दुसऱ्याचं कशाला लावू?" माय म्हणाली, आणि दंड धरून तिनं मला कंदिलाच्या उजेडात पुढं ओढलं. "माजंच हाय."